नव्या पडद्याला जुन्या स्पीकरचा आवाज

दुर्ग जिल्ह्यातील भिलाई हे शहर पोलाद कारखान्याभोवती वाढले. त्या कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत या जिल्ह्याची आणि विदर्भाची राजधानी नागपूर ही एकच होती, त्यामुळे मराठी कुटुंबांचा येथील वावर जुना आहे. येथील स्मृति नगरसारख्या निवासी वसाहतीत भिंतीवर नवा टीव्ही लागतो, तेव्हा दिवाणखान्यातील जुन्या अँप्लिफायरचे आणि लाकडी पेटीतील स्पीकरच्या जोडीचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहतो. टीव्ही आणि अँप्लिफायर यांच्या मागच्या बाजूची छिद्रे एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून जुनी यंत्रणा कालबाह्य ठरवली जाते. वास्तविक ही विसंगती आवाजाच्या दर्जाची नसून केवळ जोडणीची असते, आणि संकेताचे रूप, त्याची पातळी व त्याची वेळ या तीन गोष्टी समजून घेतल्या तर ती थोड्या खर्चात दूर करता येते.

जाडी गेली, खर्जही गेला

पडदा जसजसा पातळ झाला, तसतशी त्यामागील स्पीकरची जागा कमी होत गेली, आणि आवाजाच्या भौतिकशास्त्रात या जागेला पर्याय नाही. ध्वनीची वारंवारिता, म्हणजे एका सेकंदात होणाऱ्या कंपनांची संख्या, निम्मी झाली की तेवढाच मोठा आवाज काढण्यासाठी स्पीकरच्या पडद्याला चौपट हवा हलवावी लागते. म्हणूनच तबल्याच्या डग्ग्याचा किंवा पखवाजाचा खर्ज उमटवायला मोठा शंकू आणि पुरेशी मोकळी पेटी लागते. काही सेंटिमीटर जाडीच्या चौकटीत बसवलेल्या लहान स्पीकरला ते साधत नाही. शिवाय हे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. ‘स’, ‘श’ यांसारख्या व्यंजनांची ओळख पटवणाऱ्या उच्च वारंवारिता सरळ रेषेत जाणाऱ्या असल्याने त्या श्रोत्यापर्यंत क्षीण होऊन पोहोचतात, आणि आवाज वाढवूनही संवाद नीट कळत नाहीत. जुन्या स्पीकरचे तोंड श्रोत्याकडे असते आणि त्यांच्या पेटीत हवेला जागा असते, हेच त्यांचे टिकाऊ सामर्थ्य आहे.

आकड्यांपासून विद्युतदाबापर्यंत

जुन्या अँप्लिफायरला ॲनालॉग संकेत लागतो, म्हणजे ध्वनिलहरीच्या चढउतारांप्रमाणे सलग बदलणारा विद्युतदाब. नव्या टीव्हीत मात्र आवाज डिजिटल रूपात, आकड्यांच्या मालिकेत असतो. लहरीची उंची सेकंदाला साधारण ४८,००० वेळा मोजून ती नोंदलेली असते. मोजणीच्या वेगाच्या निम्म्यापेक्षा कमी असलेली प्रत्येक वारंवारिता अशा नोंदींतून परत मिळवता येते, हा सिद्धान्त हॅरी नायक्विस्ट यांच्या १९२८ च्या आणि क्लॉड शॅनन यांच्या १९४९ च्या लेखनातून पक्का झाला. मानवी कानाची मर्यादा सुमारे २०,००० हर्ट्झ असल्याने हा वेग पुरेसा ठरतो. आकड्यांचे पुन्हा विद्युतदाबात रूपांतर करणाऱ्या परिपथाला ‘डॅक’ म्हणतात.

टीव्हीला हेडफोनचे ३.५ मिलिमीटरचे छिद्र असेल, तर हे रूपांतर टीव्हीच्या आतच झालेले असते, आणि एका टोकाला तशी पिन व दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या दोन पिना असलेली साधी केबल पुरते; आवाजही बहुधा टीव्हीच्या रिमोटने कमीजास्त करता येतो. ते छिद्र नसेल, तर ऑप्टिकल मार्ग उपयोगी पडतो. तोशिबा कंपनीने १९८३ मध्ये आणलेल्या या जोडणीत आकड्यांची मालिका लाल प्रकाशाच्या स्पंदांच्या रूपाने प्लॅस्टिकच्या तंतूतून जाते, आणि हातात मावेल एवढा बाहेरचा डॅक तिचे ॲनालॉग संकेतात रूपांतर करतो. तिसरा मार्ग एचडीएमआय केबलचा आहे. २००९ पासून तिच्यात टीव्हीकडून आवाज परत पाठवण्याची ‘एआरसी’ ही सोय आली, पण ती त्याच नावाने चिन्हांकित केलेल्या छिद्रातच मिळते आणि जुन्या अँप्लिफायरसाठी तो आवाज वेगळा काढून देणारी डबी मध्ये जोडावी लागते.

सगळे बरोबर जोडूनही आवाज आला नाही, तर कारण बहुधा टीव्हीच्या सेटिंगमध्ये असते. साध्या डॅकला ‘पीसीएम’ हे असंपीडित रूपच कळते, तर टीव्ही अनेकदा डॉल्बी डिजिटलसारखे, अनेक स्पीकरांसाठी आटोपशीर केलेले रूप पाठवतो. ध्वनीच्या सेटिंगमध्ये पीसीएम निवडले की टीव्ही स्वतःच आवाजाच्या सर्व वाहिन्या दोन वाहिन्यांत मिसळतो. मधल्या स्पीकरसाठीचे संवाद तेव्हा डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये समान वाटले जातात, आणि स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर ठेवले असतील, तर समोर मध्यभागी बसलेल्या श्रोत्याला ते पडद्याच्या मधूनच आल्यासारखे वाटतात.

अँप्लिफायरच्या बाजूला ‘ऑक्स’, ‘टेप’ किंवा ‘सीडी’ असे लिहिलेली जागा निवडावी, कारण ती व्होल्टच्या काही दशांशांपासून दोन व्होल्टपर्यंतच्या संकेतासाठी बनवलेली असते. ‘फोनो’ ही जागा रेकॉर्ड प्लेअरच्या सुईकडून येणाऱ्या काही मिलिव्होल्टच्या संकेतासाठी असल्याने टीव्ही तेथे जोडला तर आवाज फाटतो आणि खर्जही अवाजवी वाढतो. काही जुन्या यंत्रांना पाच पिनांचे गोल डिन छिद्र असते. त्यासाठी रूपांतरक केबल मिळते.

घरघर आणि ओठांची गाठ

जोडणी होताच स्पीकरमधून अखंड घरघर सुरू झाली, तर तिचे मूळ बहुधा अर्थिंगमध्ये असते. अँप्लिफायर एका सॉकेटमधून आणि टीव्हीला आलेली डिशची किंवा केबलची तार दुसऱ्या ठिकाणी जमिनीशी जोडलेली असेल, तर त्या दोन जागांच्या विद्युतदाबात किंचित फरक राहतो. त्यामुळे आवाजाच्या केबलच्या बाह्य आवरणातून ५० हर्ट्झचा प्रवाह वाहू लागतो आणि अँप्लिफायर तोही वाढवून ऐकवतो. दोन्ही उपकरणे एकाच बोर्डावर घेणे हा पहिला उपाय, आणि ऑप्टिकल केबल वापरणे हा त्याहून खात्रीचा, कारण तिच्यात धातूच नसल्याने वर्तुळ पूर्ण होत नाही. घरघर थांबवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढणे मात्र जिवावर बेतू शकते, म्हणून ते कधीही करू नये.

अँप्लिफायरला ब्लूटूथचा छोटा रिसीव्हर जोडला की तारा टळतात, परंतु आवाज संपीडित करून पाठवण्यात आणि पुन्हा उलगडण्यात अनेकदा १०० ते २०० मिलिसेकंद जातात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मिलिसेकंद मागे गेला की प्रेक्षकाला तफावत जाणवू लागते. निसर्गात आवाज प्रकाशामागूनच येतो, त्यामुळे मेंदू मागे पडलेला आवाज अधिक सहन करतो. तरीही बातम्या आणि नाटके पाहणाऱ्या घरात केबल हाच विश्वासार्ह मार्ग ठरतो.

जुन्या यंत्राची तब्येत

जोडणीपूर्वी अँप्लिफायर जाणकार कारागिराकडून तपासून घेणे आवश्यक आहे. त्यातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारे घटक, आतील द्रव सुकत गेल्याने निकामी होतात आणि तापमान दर १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते. भिलाईत उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, म्हणून अँप्लिफायर बंद कपाटात न ठेवता त्याच्या वर आणि मागे हवा खेळती ठेवावी. स्पीकरच्या कडेचा फोम कुजला असेल, तर तेवढाच भाग बदलता येतो.

१ एप्रिल २०२३ पासून देशात ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले आणि टाकून दिलेल्या उपकरणांची जबाबदारी उत्पादकांवर अधिक काटेकोरपणे आली; परंतु चालू स्थितीतील वस्तू कचऱ्यात जाऊच न देणे हे कोणत्याही पुनर्चक्रीकरणापेक्षा श्रेयस्कर आहे. टीव्हीचे तंत्र दर काही वर्षांनी बदलते, पण चांगल्या स्पीकरला हलवावी लागणारी हवा आणि ती ऐकणारा कान बदललेला नाही. म्हणून नवी ध्वनियंत्रणा विकत घेण्याआधी प्रत्येक कुटुंबाने टीव्हीची आणि अँप्लिफायरची मागची बाजू एकदा नीट वाचून पाहावी. अनेक घरांत केवळ एका केबलची किंवा एका डॅकची उणीव असल्याचे तेथेच स्पष्ट होईल.