तोच घोटा पुन्हा का मुरगळतो?

रग्बीत सूज उतरली की खेळाडू मैदानात परततो आणि तोच घोटा पुन्हा मुरगळतो. दुखणं थांबलं म्हणजे इजा बरी झाली, ही समजूतच याच्या मुळाशी आहे. लिगामेंट ताणलं की तोल सावरण्याची क्षमताही मंदावते. ती नुसत्या विश्रांतीने नाही, सरावाने परत येते. गुडघ्यालाही मांडीच्या बळकट स्नायूंचा आधार लागतो.

बैहरसारख्या छोट्या गावात फिजिओ कुठून आणायचा, असं कुणी म्हणेल. पण एका पायावर तोल सांभाळायला, टाचा उचलायला, उडी मारून नीट उतरायला यंत्रं लागत नाहीत. इंग्लंडमधल्या शालेय रग्बी खेळाडूंवरच्या २०१७च्या अभ्यासात असा व्यायाम आठवड्यातून तीनदा करणाऱ्या संघांत इजा बऱ्याच कमी दिसल्या. गुडघा अडकत असेल किंवा पायावर भार देता येत नसेल, तर मात्र थेट डॉक्टरांकडे जा.