लोणारच्या पोटातले व्हॉक्सेल

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर बेसाल्ट खडकात उल्केच्या आघाताने घडले असून त्याचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर आणि काठापासूनची खोली सुमारे 150 मीटर आहे. मात्र या आघाताचा महत्त्वाचा पुरावा जमिनीखाली सापडला. 1973 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, तळाशी घेतलेल्या बोअरमध्ये गाळाखाली ब्रेशिया, म्हणजे फुटलेल्या खडकाच्या टोकदार तुकड्यांचा थर, आणि मॅस्केलिनाइट, म्हणजे प्रचंड दाबाने काचरूप झालेले फेल्डस्पार, आढळले.

उंचीच्या नकाशात प्रत्येक ठिकाणाला उंचीचा एकच आकडा असल्याने एकाखाली एक असलेले हे थर त्यात मावत नाहीत. त्यासाठी संगणकात ती जागा लहान लहान घनांत विभागून प्रत्येक घनाला घनतेचे किंवा खडकाच्या प्रकाराचे मूल्य दिले जाते. अशा घनाला व्हॉक्सेल म्हणतात. 2 किलोमीटर लांब, तितक्याच रुंद आणि 500 मीटर खोल भागासाठी 5 मीटर बाजूचे 1 कोटी 60 लाख घन लागतात, तर बाजू 1 मीटर केल्यास तेच 200 कोटी होतात. म्हणून खडक एकसारखा असेल तेथे मोठे आणि थर बदलतो तेथे लहान घन ठेवणारी ऑक्ट्री ही रचना वापरतात.

चित्र काढताना पडद्यावरील प्रत्येक बिंदूतून एक काल्पनिक किरण या घनांमध्ये सोडला जातो आणि कोणत्या मूल्याला कोणता रंग व किती अपारदर्शकता द्यायची, हे ट्रान्सफर फंक्शन नावाचा नियम ठरवतो. हवा आणि पाणी पूर्ण पारदर्शक ठेवून गाळाच्या प्रत्येक टप्प्यावर 30 टक्के प्रकाश अडवला, तर तीन टप्प्यांनंतर सुमारे 34 टक्केच उरतो आणि खालचा ब्रेशिया अंधूक दिसतो. हेच प्रमाण 5 टक्के केले की सुमारे 86 टक्के उरतो आणि मूळ आकडे तेच असूनही ब्रेशिया स्पष्ट होतो.

मार्क लेव्हॉय यांनी 1988 मध्ये मांडलेली ही पद्धत सीटी स्कॅनसाठी विशेष उपयोगी ठरली, कारण तेथे प्रत्येक घनाचे मूल्य मोजमापांतून काढलेले असते. लोणारमध्ये थेट नमुने केवळ बोअरच्या रेषांवर मिळतात आणि मधले घन अंदाजाने भरावे लागतात. म्हणून प्रत्यक्ष पाहिलेला खडक आणि अनुमानाने भरलेला खडक वेगळ्या रंगांत दाखवणारे चित्रच विश्वासार्ह मानले पाहिजे.