सुचेल ते गा, पण समेवर या

मी मुरगूडहून बोलतेय.

सातवीत असताना शाळेच्या गॅदरिंगला समूहगीतात मी दुसऱ्या ओळीत उभी होते. तालमीला बाईंनी माझ्या तोंडाजवळ कान आणला आणि म्हणाल्या, "तू नुसते ओठ हलव." मी हलवले. पुढं कितीतरी वर्षं मी चारचौघांत गायले नाही. घरी मात्र आजीसमोर बसून जात्याचा खुंटा धरायचा आणि तिच्या मागनं ओवी ओढायची. तिथं मला कुणी गप्प बसवलं नाही. नंतर गाणं शिकले, हायस्कूलच्या पोरापोरींना शिकवलं, तेव्हा ध्यानात आलं, आजीची रीतच खरी होती.

आजीची रीत म्हणजे काय? चाल एकच, रोजची. जात्याची घरघर हाच ताल आणि हाच सूर. शब्द मात्र त्या पहाटेचे. भाऊ आला नाही तर भावाचे, पाऊस लांबला तर पावसाचे. गाण्यातले लोक याला 'उपज' म्हणतात, म्हणजे आयत्या वेळी सुचलेलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून अशा लाखावर ओव्या गोळा केल्या. त्या बायका कुठल्या क्लासला गेल्या नव्हत्या. पण आधाराला चाल पक्की होती, म्हणून सुचत होतं. पोरांना नुसतं "काहीतरी नवीन गा" म्हटलं की ती खाली मान घालतात. आधी जातं द्यावं लागतं.

वर्गात मी असं करायची. पेटीवर 'सा' धरून ठेवायचा. सगळ्यांनी आठ मात्रांची टाळी धरायची, आपला भजनी ठेका असतो ना, तेवढीच. पहिल्या आठ मात्रांत सगळा वर्ग मिळून एक ओळ गातो, "वाटेवर काय दिसलं?" पुढच्या आठ मात्रा एकाच्या. यमग्याहून येणारी पोरगी गाते, "पुलाला पाणी लागलंय." पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर, परत सगळे. त्या एकट्यानं जे गायलं ते वर्गानं एकदा तसंच गाऊन दाखवायचं. हे फार महत्त्वाचं. हसायचं राहून जातं, कारण पुढच्या क्षणी तेच आपल्या गळ्यातून काढायचं असतं.

सूर सुरुवातीला तीनच, सा रे ग. आठवड्याभरानं प आणि ध. हे पाच सूर म्हणजे भूप रागाचे. यात एकमेकांना अगदी चिकटून टोचणारे सूर नाहीत, म्हणून कुठूनही कुठं गेलं तरी कानाला फारसं खटकत नाही. नवशिक्याला याहून बरं अंगण नाही.

आता खरी अडचण. वर्गात चाळीस पोरं, चाळीस तऱ्हा. एकाला सूर सापडत नाही. त्याला एकाच सुरावर राहू द्या, पण शब्द कुठं तोडायचा, कुठं थांबायचं, हे त्याचं त्यानं ठरवायचं. तीही उपजच. आठवी-नववीत मुलांचा आवाज फुटतो, किंचाळल्यासारखा होतो. पट्टी खाली घ्या, नाहीतर महिनाभर टाळ द्या हातात. बोलताना अडखळणारी पोरं ठेक्यावर गाताना कधी कधी मोकळी होतात, पण त्यांना घाई करायची नाही. कमी ऐकू येणाऱ्या पोराचा हात ढोलकीच्या अंगावर ठेवला की त्याला ठेका हातानं कळतो.

सगळ्यात अवघड कोण, सांगू? क्लासला जाणारं हुशार पोरगं. ते पाठ केलेल्या ताना भडाभडा ओतून मोकळं होतं आणि बाकीचे गार पडतात. त्याला सांगायचं, "तुला दोनच सूर, आणि एकाच श्वासात." मग त्यालाही विचार करावा लागतो. कच्च्याला सोपं करून देतात सगळेच. पक्क्याला अवघड करून द्यायला बरेच शिक्षक विसरतात.

आपल्या कोल्हापुरात शाहू महाराजांच्या दरबारी उस्ताद अल्लादिया खाँ गात होते. तरुणपणी अति गाऊन त्यांचा आवाज बसला. परत आला तो पहिल्यासारखा नव्हता. त्या आवाजाला पेलेल अशी वेगळी गायकी त्यांनी घडवली, आणि जयपूर-अत्रौली घराणं त्यातनं उभं राहिलं. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर याच गाण्यातल्या. खाँसाहेबांना कुणी ओठ हलवायला सांगितलं असतं तर?

दहावीला संगीताच्या ठरावीक परीक्षा दिलेल्यांना वाढीव गुण मिळतात. चांगलंच आहे. पण क्लासची फी परवडत नाही त्या घरातल्या पोरीला निदान शाळेत तरी आठ मात्रा तिच्या मिळाव्यात. पालकसभेला आपण फी आणि गणवेश विचारतो, तसं गाण्याच्या तासाचंही विचारा. तो तास गणिताला जातोय का, हेही विचारा. शाळेत पेटी नसेल तर बचत गटातल्या बायांचं भजनी मंडळ असतंच. शनिवारी सकाळी तासभर पेटी आणि एक वाजवणारी पाठवा. जमल्यास एखाद्या आजीलाही. ओवी म्हणायला नको म्हणाली तर तिला पोरांना एवढंच विचारू द्या, "वाटेवर काय दिसलं?"

आणि पेटीच नाही मिळाली, तर स्टीलच्या डब्यावर ठेका धरा. आमच्या वर्गात दोन वर्षं डबाच होता.