तोंड बांधलेलं मडकं

गाठ सोडणारा माणूस मडक्याच्या तोंडावरून हात नेत नाही. तो एका बाजूला उभा राहतो, गळ्याशी आवळलेली दोरी खालच्या अंगाने मोकळी करतो आणि कापडाची कड काठीच्या आकड्याने उचलतो. मडकं हळूच कलंडतं, आतली वाळू सरकते आणि पाठोपाठ घोणस बाहेर येते. कुकरच्या शिट्टीसारखा तिचा फुत्कार सुरू होतो. कोणी ओरडत नाही, कोणी घाई करत नाही.

चेन्नईहून महाबलीपुरमला जाणाऱ्या किनाऱ्याच्या रस्त्यावर वडनेम्मेली लागतं. तिथल्या मद्रास क्रोकोडाइल बँकेच्या आवारात इरुळा आदिवासींची साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था आहे. मडक्यांची रांग पाहिली तर कुंभाराच्या दारात आल्यासारखं वाटतं. फक्त प्रत्येक मडक्याचं तोंड सुती कापडाने बांधलेलं असतं आणि आत नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसं असतं.

इरुळा पिढ्यान्‌पिढ्या साप आणि उंदीर पकडत आले. विसाव्या शतकात त्यांच्या कसबाला गिऱ्हाईक मिळालं ते कातडीच्या व्यापाऱ्यांचं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, मग सापाच्या कातडीची निर्यातही बंद झाली आणि हजारो हातांचं काम गेलं. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांनी इरुळांना सोबत घेऊन १९७८ मध्ये ही संस्था उभी केली. साप मारायचा नाही, पकडून आणायचा, विष काढायचं आणि पुन्हा रानात सोडायचा, अशी तिची रीत. वन खात्याच्या परवान्याने ठरलेल्या संख्येतच साप आणले जातात. एक साप साधारण चार आठवडे राहतो, आठवड्यातून एकदा असं चार वेळा त्याचं विष काढलं जातं. सोडताना पोटाच्या खवल्यांवर खूण करतात, म्हणजे तोच साप लगेच पुन्हा सापडला तर ओळखता येतो. संस्थेचे वडिवेल गोपाल आणि मासी सदयन या दोघांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

देशातल्या प्रतिविष बनवणाऱ्या कारखान्यांना लागणाऱ्या विषाचा मोठा वाटा वर्षानुवर्षं इथूनच गेला. हे विष अगदी थोड्या मात्रेने घोड्यांना टोचतात, आणि त्यांच्या रक्तात तयार होणाऱ्या प्रतिपिंडांपासून औषध बनतं. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला ५८ हजारांच्या आसपास. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात फ्रिजमध्ये ठेवलेली कुपी पाहताना मला म्हणूनच ती मडकी आठवतात.

विषारी साप कशात ठेवायचा, या प्रश्नाला मातीने दिलेलं उत्तर फार समजूतदार आहे. मडक्याला कोपरा नसतो. नाक खुपसून जोर लावायला सापाला कोपरा, फट किंवा सैल पडलेली कड लागते. गोल पोटाच्या भांड्यात त्याला अशी जागाच सापडत नाही. भाजलेल्या मातीला बारीक छिद्रं असतात. उन्हाळ्यात माठातलं पाणी ज्या कारणाने गार राहतं, त्याच कारणाने किंचित ओलं मडकं आतून थंड राहतं, आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या उकाड्यात याचं मोल मोठं आहे. शिवाय आत अंधार असतो. अंधारात, अंगाला भिंत लागलेली असताना साप शांत बसतो; त्याला नेहमीचं बीळच मिळाल्यासारखं होतं. उघड्या, उजेडाच्या पेटीत तोच साप दिवसभर भिंती हुंगत फिरतो आणि नाक सोलून घेतो.

तोंडावरचं सुती कापड हवा येऊ देतं आणि सापाने खालून ढकललं तरी त्याच्या तोंडाला इजा करत नाही. पण कापड सापाला अडवतं, दाताला अडवत नाही. घोणसीचे विषदंत दीड सेंटीमीटरच्या आसपास लांब असू शकतात आणि कापडातून ते आरपार जातात. म्हणून साप कापडी पिशवीत असेल तर पिशवी धरताना गाठीच्या वरचाच भाग धरायचा, पिशवी मांडीशी किंवा कुशीत घ्यायची नाही, आणि मडक्यावर तळवा ठेवायचा नाही. सुरुवातीला सांगितलेली ती बाजूला उभं राहण्याची सवय यातूनच आली आहे.

मडक्याचे दोषही सांगितले पाहिजेत. ते फुटतं. छिद्रांमुळे ते पूर्ण निर्जंतुक करता येत नाही. आत काय चाललं आहे ते उघडल्याशिवाय दिसत नाही, आणि विषारी सापाच्या बाबतीत उघडणं हाच सगळ्यात धोक्याचा क्षण. चार आठवड्यांच्या मुक्कामाला ते उत्तम आहे. वर्षानुवर्षं साप सांभाळायचा तर, माझ्या मते, ते पुरत नाही. प्राणिसंग्रहालयं आणि प्रयोगशाळा पक्के पिंजरे बांधतात ते यासाठीच, आणि तिथे वस्तू निवडताना खरी परीक्षा होते.

पहिल्यांदा बांधणारा माणूस बहुतेक प्लायवुडकडे वळतो, कारण सुताराला ते सोपं. पण पाण्याच्या भांड्यातलं पाणी सांडतं, विष्ठा मुरते, प्लाय फुगतो आणि सांध्यांत गोचिडीच्या जातीचे बारीक किडे घर करतात. त्याहून वाईट म्हणजे फुगलेलं दार अडकतं. अडकलेलं दार हिसका देऊन उघडावं लागतं, आणि पलीकडे नाग असताना हिसका देणं म्हणजे जिवाशी खेळ. त्यापेक्षा फायबर किंवा पीव्हीसीचे जाड पत्रे बरे, कारण ते धुता येतात आणि आकार बदलत नाहीत. सिमेंटची भिंत चालते, पण गिलावा गुळगुळीत आणि कोपरे गोलाई दिलेले हवेत. समोरची काच साधी नको. दोन काचांमध्ये पारदर्शक पडदा चिकटवलेली लॅमिनेटेड काच तडकली तरी जागेवर राहते. नुसती टफन्ड काच फुटली की तिचा चुरा होतो आणि समोरची भिंतच नाहीशी होते.

जाळीच्या बाबतीत फसगत जास्त होते. मोठी घोणस बघून जाळी घेतली जाते. पण घोणस अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देते, एका खेपेला वीस-चाळीस सहज. रानातून आणलेली मादी गाभण असेल तर एखाद्या सकाळी पिंजऱ्यात वीतभर लांबीची पिल्लं वळवळत असतात, आणि त्यातल्या प्रत्येकाकडे जन्मापासून विष असतं. जिथून पिल्लाचं डोकं जातं, तिथून पिल्लू जातं. म्हणून जाळीचं भोक, दाराखालची फट, पाणी जायची मोरी, वायर आत नेलेलं छिद्र, हे सगळं नवजात पिल्लाच्या डोक्याच्या मापाने तपासायचं असतं. एकावर एक सरकणाऱ्या काचांच्या मधली उभी फट तर बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

इतकं करूनही साफसफाईला दार उघडावंच लागतं. त्यावरची युक्ती पुन्हा मडक्याकडेच घेऊन जाते. पिंजऱ्यात एक अंधारी पेटी ठेवतात, तिच्या तोंडाला बाहेरून आकड्याने सरकवता येईल अशी झडप असते. साप आपणहून आत जाऊन बसला की झडप लावायची आणि मगच मोठं दार उघडायचं. सर्पोद्यानांत पिंजऱ्याच्या कोपऱ्यात ठेवलेलं मडकंही सापाला हाच आडोसा देतं. पिंजरा ज्या खोलीत आहे तिलाही कुलूप हवं, फरशीवर अडगळ नको, आणि आत कोणता साप आहे ते दारावर लिहिलेलं हवं, कारण दंश झालाच तर डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.

मडक्यातला साप आपल्याला नवा नाही. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात नागपंचमीच्या आधी रानातून धरून आणलेले नाग मडक्यांतच ठेवले जात, तोंडाला कापड बांधून. न्यायालयाच्या आदेशानंतर जिवंत नागांच्या त्या प्रदर्शनावर बंधनं आली, आणि ती यायलाच हवी होती. वडनेम्मेलीच्या मडक्यामागे परवाना आहे, नोंद आहे, सोडण्याची मुदत आहे. ते नसेल तर तेच मडकं गुन्ह्याचा पुरावा ठरतं. हौस म्हणून विषारी साप घरी ठेवायला कायद्यात जागा नाही.

घरात साप निघाला तर बरणी, डबा किंवा मडकं शोधू नका. लांब उभे राहा, त्याच्यावर नजर ठेवा, मुलांना आणि कुत्र्याला बाहेर काढा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. दंश झाला असेल तर १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठा.