खर्जाकडे उतरत गेलेली पन्नास वर्षं

सलग ऐकताना : लेखांक ६

मागच्या लेखांकात आपण जोनी मिचेलचं 'बोथ साइड्स नाऊ' तिच्या दोन वयांत ऐकलं. १९६९च्या अल्बममधला तिचा उंच, लवचिक आवाज आणि २०००च्या ऑर्केस्ट्रासोबतचा खाली आलेला, जडावलेला आवाज. या आठवड्याचा गायक तिच्याच देशाचा, म्हणजे कॅनडाचा. फरक इतकाच की त्याच्याकडे गमवावा असा मोठा आवाज मुळात नव्हताच. हा लेनर्ड कोहेन.

कोहेनचे हयातीत आलेले स्टुडिओ अल्बम १४. पहिला डिसेंबर १९६७मध्ये आला आणि चौदावा ऑक्टोबर २०१६मध्ये. याच काळात बॉब डिलनचे अल्बम याच्या दुपटीहून जास्त झाले. कोहेनच्या पहिल्या सहा अल्बमना बारा वर्षं लागली. पुढे मध्ये पाच, चार, नऊ, आठ वर्षांचे खंड पडले, आणि शेवटचे तीन अल्बम पाच वर्षांच्या आत आले, तेही वयाच्या ७७ ते ८२ या टप्प्यात. सहसा गायकाचा आलेख याच्या उलटा असतो. हे कसं झालं, ते यादी सालवार वाचून कळत नाही. सलग ऐकलं की मात्र एक सूत्र दिसतं. आवाजाचा पल्ला तोकडा आहे, वर्षागणिक तो आणखी आक्रसतो आहे आणि खाली उतरतो आहे, तर त्याच्याभोवती काय ठेवायचं? कोहेनचा प्रत्येक अल्बम म्हणजे या एकाच प्रश्नाचं त्या वेळचं उत्तर आहे.

कवी स्टुडिओत येतो

कोहेनचा जन्म १९३४चा, माँट्रियलचा. पहिला कवितासंग्रह १९५६मध्ये आला. १९६० साली त्यानं ग्रीसच्या हिड्रा बेटावर घर घेतलं आणि तिथं बसून लिहिलं. १९६३ आणि १९६६ साली दोन कादंबऱ्या आल्या. कॅनडात नाव झालं, पण पुस्तकांवर पोट भरेना, म्हणून तो गाण्यांकडे वळला. १९६६ साली जूडी कॉलिन्सनं त्याचं 'सुझॅन' रेकॉर्ड केलं. मग कोलंबिया कंपनीच्या जॉन हॅमंडनं त्याला करारबद्ध केलं. डिलनला कोलंबियात आणणारा हाच तो हॅमंड. पहिली तबकडी आली तेव्हा कोहेन ३३ वर्षांचा होता. ज्या क्षेत्रात विशीतच नावं होतात, तिथं हा माणूस पंगतीला उशिराच बसला.

गिटारवर तो आला कसा, हे त्यानं स्वतः २०११ साली स्पेनमध्ये आस्तुरियास पुरस्कार स्वीकारताना सांगितलं होतं. माँट्रियलमध्ये आईच्या घराजवळच्या बागेत एक स्पॅनिश तरुण गिटार वाजवत बसलेला त्याला दिसला. तीन दिवस त्यानं कोहेनला शिकवलं: सहा कॉर्डचा एक क्रम आणि बोटं फिरवायची फ्लॅमेंको पद्धत. चौथ्या दिवशी तो आलाच नाही. त्यानं आत्महत्या केली होती. आपल्या साऱ्या गाण्यांचा पाया ते सहा कॉर्ड आहेत, असं कोहेन त्या भाषणात म्हणाला. सुरुवातीच्या अल्बममधली ती अखंड फिरणारी, लाटेसारखी गिटार ऐकली की त्याचं म्हणणं पटतं. चाल फार वर-खाली जात नाही. हालचाल असते ती बोटांत, आणि आवाज तिच्यावर टेकून बोलतो.

पहिल्या अल्बमच्या वेळी तो स्टुडिओत बुजला. घरी आरशासमोर बसून वाजवायची सवय होती, म्हणून त्यानं स्टुडिओतही उभा आरसा मागवून घेतला. हॅमंड मधेच बाजूला झाला आणि निर्माता म्हणून जॉन सायमन आला. त्यानं गाण्यांवर व्हायोलिनं, कोरस वगैरे चढवले. कोहेनला ते नको होतं, पण ते सगळं काढून टाकणं शक्य नव्हतं. तेव्हाच्या मुद्रणाला चारच ट्रॅक मिळत. दोन-तीन गोष्टी एकाच ट्रॅकवर एकत्र गेल्या की त्यातली एक वेगळी काढता येत नसे. त्यामुळे जे पुसता येत नव्हतं ते मागे ढकलून अल्बम बाहेर पडला. 'साँग्ज ऑफ लेनर्ड कोहेन'मध्ये काही वाद्यं शेजारच्या खोलीतून आल्यासारखी ऐकू येतात, त्यामागे ही ओढाताणही आहे.

निर्माते बदलत गेले

पुढची दहा वर्षं निर्मात्यांची. बॉब जॉन्स्टननं त्याला नॅशव्हिलला नेलं आणि वाद्यं कमी केली. 'साँग्ज फ्रॉम अ रूम' (१९६९) जवळजवळ उघडावाघडा आहे. 'साँग्ज ऑफ लव्ह अँड हेट' (१९७१)मध्ये पॉल बकमास्टरची तंतुवाद्यं आहेत, पण तीही गाण्यामागे सावलीसारखी. १९७४ साली जॉन लिसॉअरनं साथीला नवे रंग दिले. इथवर एक नियम पाळला गेला होता: शब्द आधी ऐकू यायला हवेत, बाकी सगळं नंतर.

१९७७ साली हा नियम मोडला. 'डेथ ऑफ अ लेडीज मॅन'चा निर्माता होता फिल स्पेक्टर. एकाच वेळी ढीगभर वाद्यं वाजवून आवाजाची भिंत उभारणं ही त्याची ख्याती. रात्र-रात्र चाललेल्या त्या सत्रांत पिस्तुलंही निघाली. शेवटी स्पेक्टर टेप घेऊन गेला आणि कोहेनला न विचारता त्यानं मिक्सिंग उरकलं. कोहेन पुढे नीट गाणार होता. त्याआधी अंदाज म्हणून गायलेलंच त्यात राहिलं. हा अल्बम आज ऐकताना गंमत वाटते आणि धडाही मिळतो. स्पेक्टरची भिंत मोठ्या गळ्यांसाठी होती. कोहेनचा आवाज तिच्याखाली गाडला जातो. १९७९च्या 'रीसेंट साँग्ज'मध्ये व्हायोलिन आणि ऊद घेऊन तो पुन्हा मोकळ्या हवेत आला.

शाहीर आणि झीलकरी

खरं उत्तर सापडलं ते १९८०च्या दशकात, आणि ते आलं दोन बाजूंनी: स्वस्तातला कीबोर्ड आणि बायकांचे आवाज.

स्त्रीस्वर त्याच्या गाण्यांत पहिल्या अल्बमपासून होते. पण 'व्हेरियस पोझिशन्स' (१९८४) मध्ये जेनिफर वॉर्न्सचा आवाज सजावट म्हणून येत नाही. तो निम्मं गाणं उचलतो. पोवाड्यात शाहीर कथा सांगतो आणि मागचे झीलकरी सूर उचलून धरतात, तशीच ही वाटणी. कोहेन ओळ जवळजवळ बोलतो, सुराला जिथं उंच जायचं असतं तिथं बाई जाते. त्याला न पेलणारी चाल त्यामुळे त्याला लिहिता आली.

याच अल्बममध्ये 'हॅलेलुया' आहे. त्यासाठी कोहेननं कित्येक वर्षं घालवून ढिगानं कडवी लिहिली होती. कोलंबियानं हा अल्बम अमेरिकेत काढायला नकार दिला. शेवटी एका लहान कंपनीनं तो काढला. १९९१ साली जॉन केलनं 'हॅलेलुया' गायचं ठरवलं तेव्हा कोहेननं त्याला पंधरा पानं भरून कडवी फॅक्स केली. केलनं त्यातून आपली निवड केली आणि तीच निवड १९९४ साली जेफ बकलीनं उचलली. डिसेंबर २००८मध्ये ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत या एका गाण्याची तीन रूपं एकाच वेळी होती: अलेक्झांड्रा बर्कचं पहिल्या क्रमांकावर, बकलीचं दुसऱ्या आणि खुद्द कोहेनचं ३६व्या. गाणं मोठ्या गळ्यांकडे गेलं आणि फोफावलं. कोहेनचं मूळ मुद्रण ऐकलं तर ते तुलनेनं कोरडं आणि ताठ वाटतं.

मग आला 'आय ॲम युअर मॅन' (१९८८). मुखपृष्ठावर काळा चष्मा लावलेला कोहेन केळं खातो आहे. आत गिटार जवळपास नाहीच. सिंथेसायझर, ड्रम मशीन, आणि एक अख्खी पायरी खाली उतरलेला आवाज. त्यातलं 'टॉवर ऑफ साँग' हेडफोन लावून ऐकाच. ताल तोच, जो कीबोर्डचं एक बटण दाबलं की आपोआप सुरू होतो. वरती बायकांचा जुन्या पॉप धाटणीचा हलका कोरस. मधे कीबोर्डचा एकल तुकडा येतो, तो तर एका बोटानं वाजवता येईल इतका सोपा. पुढे मैफलीत तो एवढंच वाजवायचा आणि लोक टाळ्यांचा कडकडाट करायचे. त्याच गाण्यात तो निसर्गानं दिलेल्या आपल्या गळ्याची थट्टा करतो, तिथंही प्रेक्षागृह हसायचं. साथ इतकी स्वस्त आणि कोरी ठेवली की ऐकणाऱ्याचं लक्ष चुकूनही इकडेतिकडे जात नाही. आवाजातला प्रत्येक खरखरीत कण ऐकू येतो. जी उणीव म्हणून वीस वर्षं झाकली जात होती, तीच आता दर्शनी भागात येऊन बसली.

बाल्डी डोंगर आणि वॉर्डन रोड

'द फ्यूचर' (१९९२) नंतर नऊ वर्षं नवं काही नाही. १९९४ ते १९९९ कोहेन कॅलिफोर्नियातल्या माउंट बाल्डीवरच्या झेन मठात राहिला. १९९६ साली त्यानं रीतसर भिक्षूची दीक्षा घेतली. तिथून उतरला आणि आला मुंबईत.

मुंबईत तो रमेश बाळसेकर यांच्याकडे येत असे. बाळसेकर बँक ऑफ इंडियाच्या सर्वोच्च पदावरून निवृत्त झालेले. गिरगावात खेतवाडीतल्या खोलीत निसर्गदत्त महाराज मराठीतून निरूपण करत, तेव्हा परदेशी साधकांसाठी त्याचं इंग्रजी करणाऱ्यांत ते होते. ज्ञानेश्वरांच्या 'अमृतानुभवा'वरही त्यांनी इंग्रजीत पुस्तक केलं. वॉर्डन रोडजवळच्या त्यांच्या घरी सकाळी प्रश्नोत्तरं चालत. कोहेन केम्प्स कॉर्नरच्या साध्याशा हॉटेलात उतरायचा आणि तिथून या बैठकांना यायचा. पुढची काही वर्षं हे येणंजाणं चालू राहिलं. आयुष्यभराचं नैराश्य याच सुमारास ओसरलं, असं त्यानं नंतर मुलाखतींत सांगितलं.

याचा धागा गाण्यांत ओळीओळीनं शोधत बसण्यात अर्थ नाही. पण 'टेन न्यू साँग्ज' (२००१) ऐकताना एक जाणवतं: गाणारा कुणाला काही पटवून द्यायच्या खटपटीत नाही. हा अल्बम त्याच्या लॉस एंजेलिसच्या घरच्या स्टुडिओत झाला. सगळी गाणी शॅरन रॉबिन्सनसोबत लिहिलेली. तीच निर्माती, आणि बहुतेक वाद्यंही तिचीच. कच्चा आराखडा म्हणून केलेले सिंथेसायझरचे ट्रॅक काढून खरी वाद्यं घालायची, असा तिचा बेत होता. कोहेन म्हणाला, राहू दे. आवाज माइकच्या इतका जवळ की ओठ विलग झालेले कळतात. तिचा स्वर त्याच्यापासून वेगळा काढणं कठीण, इतका त्याला लगटलेला.

उशिराची सुगी

यानंतरचं वळण पैशाचं. दीर्घकाळच्या व्यवस्थापिकेनं निवृत्तीसाठी ठेवलेली पुंजी जवळपास संपवल्याचं उघड झालं. न्यायालयानं भरपाईचा निकाल दिला, तरी पैसे काही हाती आले नाहीत. मे २००८मध्ये वयाच्या ७३व्या वर्षी कोहेन दौऱ्यावर निघाला, तो थांबत-सुरू होत २०१३ अखेरपर्यंत चालला. तीन-तीन तासांच्या मैफली. स्पेनचा हावियेर मास तंतुवाद्यांवर, मागे झील धरायला रॉबिन्सन आणि वेब भगिनी. 'लाइव्ह इन लंडन' (२००९) हे त्याचं उत्तम मुद्रण आहे. जुनी गाणी नव्या खर्जात बसवून घेताना झालेली मशागत त्यात ऐकू येते, आणि तिच्यातूनच शेवटचे अल्बम उगवले: 'ओल्ड आयडियाज' (२०१२), 'पॉप्युलर प्रॉब्लेम्स' (२०१४) आणि 'यू वॉन्ट इट डार्कर' (२०१६).

शेवटच्या अल्बमच्या वेळी पाठीच्या दुखण्यानं त्याला हालचाल जमत नव्हती. घरातच खास खुर्चीत बसून तो गायला आणि मुलगा ॲडम यानं निर्मिती सांभाळली. शीर्षकगीतात झील धरायला या वेळी बायका नाहीत. माँट्रियलच्या शार हशोमायिम सिनेगॉगचं पुरुषांचं समूहगान आहे. हे कोहेन घराण्याचं पिढीजात प्रार्थनास्थळ. इथं कोहेन गात नाहीच म्हटलं तरी चालेल. तो तालात बोलतो, आणि गाण्याचा डोलारा सगळा लहानपणी ऐकलेल्या प्रार्थनेच्या सुरावर उभा राहतो. अल्बम २१ ऑक्टोबरला आला. ७ नोव्हेंबरला कोहेन गेला.

मागे काही गाण्यांचा नुसता आवाज मुद्रित होऊन उरला होता. ॲडमनं हावियेर मासला बोलावून वडिलांचीच गिटार त्याच्या हाती दिली, आणि त्या आवाजाभोवती साथ रचून 'थँक्स फॉर द डान्स' (२०१९) पूर्ण केला. अर्धशतकापूर्वी जॉन सायमननं कोहेनच्या आवाजावर वाद्यं चढवली होती, तेव्हा भांडण झालं होतं. इथं हरकत घ्यायला तो हयात नव्हता आणि तरी एकही वाद्य जागा सोडून बसलेलं नाही. कारण या आवाजाला काय लागतं आणि काय नको, हे मधल्या अल्बमांनी एव्हाना सगळ्यांना शिकवलं होतं.

नव्यानं ऐकणाऱ्यांनी चौदाही अल्बमांच्या मागे लागू नये. आधी १९६७चा, मग १९८८चा, मग २०१६चा, असे तीन एका बैठकीत लावावेत. वेळ जमला तर मधे १९७७चा स्पेक्टरवालाही ऐकावा. काय टाळायचं हे त्यातून चटकन कळतं.

*पुढील लेखांकात : पॉल सायमन. कोहेन शब्द तयार झाल्याशिवाय हलत नसे. सायमननं 'ग्रेसलँड'साठी जोहान्सबर्गला जाऊन आधी ताल मुद्रित केले आणि त्यावर बसतील असे शब्द मागाहून शोधले. हा उलटा व्यवहार कसा जमला, ते पाहू.*