बटण सोडा, म्हणजे समोरचा बोलेल

सुरतहून हाजिऱ्याच्या रस्त्याला लागलं की इच्छापोर येतं. एका बाजूला शेतं, दुसऱ्या बाजूला शेड, गोदामं, ट्रेलरच्या रांगा. इथे मी बरीच वर्षं मालवाहतुकीच्या यार्डात काढली. आमच्याकडे जळगाव, धुळे, नंदुरबारकडची मंडळी भरपूर. त्यामुळे वायरलेसवर गुजराती, हिंदी आणि अहिराणी या तिन्ही भाषा एका दमात ऐकू यायच्या. या वायरलेसबद्दल, म्हणजे गाडीत बसवलेल्या टू-वे रेडिओबद्दल, मंडळाच्या बऱ्याच जणांनी मला विचारलं, म्हणून हे लिहितोय.

मोबाइल हातात असताना हे डबडं कशाला? ऑगस्ट २००६ मध्ये सुरतेत होता त्यांना हे सांगायला नको. उकाई धरणातून सुमारे ९ लाख क्युसेकपर्यंत पाणी सुटलं आणि तापीने शहराचा बहुतेक भाग बुडवला. वीज गेली, टेलिफोन गेले. टॉवरच्या बॅटऱ्या संपल्या तसे मोबाइलही मुके झाले. उंचावर उभ्या असलेल्या आमच्या गाडीतला सेट मात्र बोलत होता, कारण त्याला मध्ये टॉवर लागत नाही. एका अँटेनातून दुसऱ्या अँटेनात, बस. गाडीची बॅटरी आहे तोवर तो आहे. त्या दोन दिवसांत कोण कुठल्या गच्चीवर आहे, कुणाला इन्सुलिन हवंय, हे आम्हाला त्यावरूनच कळत होतं.

हातातला वॉकीटॉकी साधारण ५ वॅटचा असतो, गाडीतला सेट २५ ते ५० वॅटचा. पण पल्ला वॅटपेक्षा अँटेनाच्या उंचीवर जास्त ठरतो. १५० मेगाहर्ट्झच्या आसपास लहरीची लांबी दोन मीटर, म्हणून तिच्या पावपट, अर्धा मीटर उंचीची काडी टपाच्या मधोमध लावली की काम उत्तम होतं. बंपरवर लावलेली काडी दिसायला झोकदार, कामाला निम्मी.

आता वापराचं. बोलताना बटण दाबायचं, ऐकताना सोडायचं. दोन्ही एकदम होत नाही, आणि फोनची सवय झालेल्या माणसाला नेमकं हेच जड जातं. ‘स्क्वेल्च’ नावाची खुंटी असते. ती कुणी बोलत नसताना येणारी खरखर बंद ठेवते. फार आवळली तर दूरचा बारीक आवाजही गडप होतो, म्हणून खरखर जेमतेम थांबेल इतकीच फिरवायची. काही सेटवर ‘प्रायव्हसी कोड’ लिहिलेलं असतं. त्या शब्दाला भुलू नका. आवाजासोबत एक खालचा सूर पाठवला जातो आणि तोच सूर असलेले सेट तेवढे कान उघडतात. बाकीच्यांनी सूर बंद ठेवला की तुमचं सगळं बोलणं त्यांना स्वच्छ ऐकू जातं. घरचा पत्ता, रोख रकमेच्या गोष्टी यावर बोलूच नयेत.

सगळ्यात महत्त्वाची सोय मात्र जाहिरातीत कधी दिसत नाही. एका रात्री एका ट्रेलरमधला माइक सीट आणि दरवाजाच्या फटीत पडला आणि त्याचं बटण दाबलेलं राहिलं. सगळ्या यार्डाला केबिनमधली अहिराणी गाणी ऐकू येऊ लागली. पहिलं मिनिटभर हसू आलं. मग लक्षात आलं की क्रेनखाली पट्टा सरकतोय आणि खालच्या माणसाला ‘थांब’ म्हणायला चॅनलच मोकळा नाही. एकाचं प्रक्षेपण चालू असेल तर दुसऱ्याच्या आवाजाची नुसती शिट्टी होते. शेवटी कुणीतरी धावत जाऊन क्रेनच्या केबिनवर लोखंडी रॉड बडवला, तेव्हा क्रेन थांबली. त्यानंतर आमच्या प्रत्येक सेटमध्ये ‘टाइम-आउट टायमर’ ६० सेकंदांवर लावला गेला. बटण तेवढा वेळ दाबलेलं राहिलं तर सेट पिपाणी वाजवून आपोआप गप्प होतो, आणि बटण सोडून पुन्हा दाबेपर्यंत बोलत नाही. नवा सेट घेतलात की हा टायमर चालू आहे का, हे आधी पाहा. बऱ्याच सेटमध्ये तो असतो, पण बंद करून ठेवलेला.

सेट स्वतःलाही सांभाळतो. अँटेना तुटली किंवा केबल कुजली की बाहेर जायची शक्ती उलटी परत येते आणि आतला ट्रान्झिस्टर तापतो. चांगला सेट हे ओळखून स्वतःची शक्ती कमी करतो. जास्त वेळ बोलून तापला तरी तसंच. पण यावर विसंबून अँटेनाशिवाय बटण दाबून पाहणारे महाभाग मी पाहिलेत. तो सेट पुढे नुसता ऐकण्याच्या कामाचा उरतो.

वीजजोडणी ही तर दुखरी नस. ५० वॅटचा सेट बोलताना दहा-बारा अँपिअर ओढतो. सिगरेट लायटरच्या बारीक तारेवर तो भार टाकू नये. जाड तार थेट बॅटरीपासून आणायची आणि फ्यूज बॅटरीजवळच ठेवायचा, सेटजवळ नव्हे. कारण तार मध्येच घासून बॉडीला टेकली तर फ्यूजच्या अलीकडची तारच पेटते. अधिक-उणे उलटं लागलं तर आतला डायोड फ्यूज उडवून सेट वाचवतो. तो उडाला म्हणून चांदीचा कागद गुंडाळणं म्हणजे आगीला आमंत्रण. आणि मोठ्या ट्रकात २४ व्होल्ट असतात, सेट मात्र १२ व्होल्टचा. दोनपैकी एकाच बॅटरीवरून वीज घेतली तर दोन्ही बॅटऱ्या लवकर बिघडतात. कन्व्हर्टरच हवा.

हाजिऱ्याची गोष्ट आणखी वेगळी. देशाच्या उत्तरेकडे जाणारी हाजिरा–विजयपूर–जगदीशपूर गॅस वाहिनी इथूनच निघते. गॅसच्या आवारात साधा वॉकीटॉकी चालत नाही. ठिणगी पेट घेण्याइतकी होऊच शकणार नाही, अशा बनावटीचा प्रमाणित सेटच लागतो. त्याचीही बॅटरी आत बदलायची नसते. बाहेर यायचं, मग बदलायची.

हौशी मंडळींसाठी परवान्याचं थोडक्यात सांगतो. भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात कमी शक्तीचे मंजूर सेट परवान्याशिवाय चालतात, बाकीच्यांना परवाना लागतो. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे बरेच सेट या पट्ट्याबाहेर बोलतात, ते घेऊन बसू नका. खरी गोडी असेल तर हॅम रेडिओची परीक्षा द्या. बारा वर्षं पूर्ण झालेल्या मुलांनाही ती देता येते. २००४ च्या त्सुनामीत पोर्ट ब्लेअरहून बाहेरच्या जगाशी बोलणाऱ्या भारती प्रसाद या हॅमच होत्या.

पावसाळ्याआधी एवढं मात्र करा: अँटेनाचा जोड उघडून हिरवट गंज आहे का पाहा, फ्यूज जास्तीचे दोन ठेवा, आणि इंजिन बंद ठेवून सेट किती तास चालतो ते एकदा घड्याळ लावून मोजा.