दवंडी आणि टपाल : संगणकांच्या संदेशवहनाची दोन साधने

एखाद्या शाळेत वीस संगणक आहेत आणि त्या सर्वांना परस्परांशी माहितीची देवाणघेवाण करावयाची आहे, असे समजा. प्रत्येक संगणक दुसऱ्या प्रत्येकाशी स्वतंत्र तारेने जोडावयाचा म्हटले, तर १९० तारा लागतील. संगणक ४० झाले, की तारांची संख्या ७८० वर जाईल. ही अडचण दूर करण्यासाठी जी युक्ती शोधली गेली, तिचे नाव इथरनेट.

कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७३ साली रॉबर्ट मेटकाफ यांनी या योजनेचे टिपण लिहिले व डेव्हिड बॉग्ज यांच्या साहाय्याने ती प्रत्यक्षात आणली. प्रकाशलहरी ‘ईथर’ नामक सर्वव्यापी माध्यमातून प्रवास करतात, असे एकोणिसाव्या शतकातील शास्त्रज्ञ मानीत. ती कल्पना भौतिकशास्त्राने पुढे त्याज्य ठरविली. परंतु सर्वांना समाईक असलेल्या तारेला तेच नाव शोभून दिसले.

या एकाच तारेवर सर्व संगणक जोडलेले असत. कोणी बोलण्यापूर्वी तार मोकळी आहे किंवा नाही, हे प्रथम ऐकावयाचे. तरीही दोघे एकाच क्षणी बोलू लागले, तर त्यांचे संदेश एकमेकांवर आदळून निरर्थक होत. अशा वेळी दोघांनीही थांबावयाचे आणि यदृच्छेने निवडलेला अल्प काळ लोटल्यावर पुन्हा प्रयत्न करावयाचा, असा नियम होता. पुनःपुन्हा टक्कर झाल्यास ज्या मर्यादेतून हा काळ निवडावयाचा, ती मर्यादा वाढवीत नेली जाई. सोळा प्रयत्न फसले, की तो संदेश सोडून दिला जाई.

पुढे लांबलचक तारेऐवजी मध्यभागी एक पेटी ठेवून प्रत्येक संगणकाची तार तिच्यापर्यंत आणण्याची पद्धत रूढ झाली. ही पेटी म्हणजे हब. हबचे काम गावातील दवंडीसारखे असते. एका पोर्टमधून आलेला विद्युत्-संकेत तो सशक्त करतो आणि उरलेल्या सर्व पोर्टांतून बाहेर सोडतो. संदेश कोणासाठी आहे, हे त्याला कळत नाही. परिणामी एका वेळी एकच संगणक बोलू शकतो, मार्गाची क्षमता सर्वांत वाटली जाते आणि एकासाठी असलेला मजकूर सर्वांच्या दारी पोहोचतो.

स्विचची रीत टपाल कचेरीची आहे. इथरनेटवरील प्रत्येक उपकरणाला ४८ द्विमान अंकांचा पत्ता असतो आणि प्रत्येक संदेशावर घेणाऱ्याचा व पाठविणाऱ्याचा असे दोन्ही पत्ते लिहिलेले असतात. तिसऱ्या पोर्टमधून संदेश आला, की स्विच पाठविणाऱ्याचा पत्ता वाचून तो संगणक तिसऱ्या पोर्टवर आहे, अशी नोंद करतो. नंतर घेणाऱ्याचा पत्ता तो आपल्या कोष्टकात शोधतो. पत्ता सापडला, तर संदेश त्याच एका पोर्टमधून जातो. न सापडला, तर तेवढ्यापुरती दवंडी पिटली जाते. ज्याच्यासाठी ती होती त्याचे उत्तर आले, की त्याचाही ठावठिकाणा कळतो. अशा रीतीने कोणी न शिकविता स्विच शिकतो. अनेक जोड्या एकाच वेळी बोलू शकतात. आणि संगणक थेट स्विचला जोडून दोन्ही दिशांनी एकदम वाहतूक चालू ठेवली, तर टक्करीचा प्रश्नच उरत नाही. सात पोर्टांचा असा स्विच १९९० साली अमेरिकेतील ‘कल्पना’ नावाच्या कंपनीने बाजारात आणला. विनोद भारद्वाज हे तिचे एक संस्थापक.

परंतु या चातुर्यातही एक धोका दडलेला आहे. एक तार तुटली तर दुसरी असावी, म्हणून दोन स्विच दोन तारांनी जोडले, तर वर्तुळाकार मार्ग तयार होतो. सर्वांसाठी काढलेला संदेश त्या वर्तुळात फिरतच राहतो, त्याच्या प्रती वाढत जातात आणि काही क्षणांत सारे जाळे गुदमरते. यावर १९८५ साली रेडिया पर्लमन यांनी उपाय शोधला. त्यांच्या पद्धतीनुसार स्विच परस्परांत विचारविनिमय करून अनावश्यक दुवे तात्पुरते बंद ठेवतात, जेणेकरून जाळ्याला वृक्षाचा आकार येतो. वृक्षाच्या फांद्या पुन्हा एकमेकींना मिळत नाहीत. चालू दुवा तुटला, की राखून ठेवलेला दुवा उघडला जातो.

मात्र ही पद्धतही मर्यादा सांभाळूनच वापरावी लागते. नोव्हेंबर २००२ मध्ये बॉस्टन येथील एका मोठ्या रुग्णालयाचे जाळे या मर्यादेपलीकडे विस्तारले होते. ते कोलमडले आणि काही दिवस डॉक्टरांना व परिचारिकांना पुन्हा कागदावर कारभार चालवावा लागला. तपासण्यांचे अहवाल माणसांकरवी हातोहात पोहोचवावे लागले.

आज हब जवळजवळ नाहीसे झाले आहेत. ग्रंथालयाच्या कोपऱ्यात लुकलुकणाऱ्या दिव्यांची जी पेटी दिसते, ती बहुधा स्विचच असते. तिच्या कोष्टकातील नोंदी कायमच्या नसतात; एखादा संगणक काही मिनिटे गप्प राहिला, तर सामान्यतः पाच मिनिटांनी त्याची नोंद पुसली जाते. तो पुन्हा बोलला, मग दुसऱ्या दालनातून का होईना, की पेटी त्याचे नवे ठिकाण लगेच टिपून घेते.